लेझरची जाहिरात आणि आजीचे तळपाय

छत्रपती संभाजीनगरात डाग, तीळ, सुरकुत्या घालवणाऱ्या लेझर उपचारांच्या जाहिराती जागोजागी दिसतात. लेझरने ज्येष्ठांचा त्वचेचा कर्करोगही टळतो का? बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांना, चेहऱ्यावर असा कर्करोग होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये लेझरनंतर तो पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र हा अभ्यास शंभराहून कमी रुग्णांचा होता आणि हा कर्करोग मुख्यतः उन्हाने भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेचा आहे.

आपले चित्र वेगळे आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे आपल्याकडे हा कर्करोग अनेकदा नजरेआड वाढतो: भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या पायाच्या जखमेत, तळपायावरच्या किंवा नखाखालच्या काळ्या डागात. शेतात, बांधकामावर राबलेल्या आपल्या आजी-आजोबांचे पाय कोण पाहते? असा डाग तपासणीआधीच लेझरने जाळला तर पुरावा नष्ट होतो आणि निदान लांबते. आधी बायोप्सी, मग उपचार, हाच क्रम योग्य.

त्यासाठी घाटीशी संलग्न शासकीय कर्करोग रुग्णालय शहरातच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचाही समावेश आहे.

तरुणांनो, १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेसोबत ज्येष्ठांचे तळपायही डॉक्टरांकडून तपासून घ्या. महिनाभरात न भरलेली जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा डाग दिसला, तर त्यांना हाताला धरून रुग्णालयात न्या. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.