मोटारीतील झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण बहुधा माणसांच्या बाबतीत वापरतो. परंतु बाजारात काही वस्तू अशा असतात की त्यांची मूठ कधी उघडतच नाही. विजेच्या मोटारीतील तारेच्या कॉइलवर गुंडाळलेली कापडी पट्टी ही त्यांपैकीच एक होय. विषय यंत्रशाळेचा आहे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात काय कळते, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की ही पट्टी निवडण्याचा प्रश्न जितका विजेचा आहे, तितकाच तो व्यवहाराचा आहे. आणि म्हणून आपल्या शाखेचाही आहे.

आपल्या जामबागेपासून ट्रूप बाजार हाकेच्या अंतरावर आहे. विजेचे सामान म्हटले की हैदराबादचा माणूस तिकडे वळतो. घरातला पाण्याचा पंप जळाला की तो रिवाइंडिंगला द्यावा लागतो. गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारते : पैसे किती, आणि केव्हा मिळेल? फार तर जुन्या तांब्याचे वजन विचारते. बिलावर ‘वाइंडिंग’ एवढा एक शब्द आणि त्याच्यापुढे एक रक्कम असते. आत तार कोणती घातली, पट्टी कोणती बांधली, वार्निश पाजले की नुसते वरून फासले, यातले काहीही त्या कागदावर नसते. फुलांच्या गजऱ्यात जसा दोरा, तशी मोटारीत पट्टी. घेणारा फुले पाहतो. दोरा कुजका निघाला तर ते कळते गजरा माळल्यानंतर.

ही पट्टी करते तरी काय? मोटार सुरू होते त्या क्षणी नेहमीच्या पाच-सात पट विद्युतप्रवाह तारेतून जातो आणि कॉइलला हिसका बसतो. स्लॉटच्या बाहेर आलेले कॉइलचे टोक सैल असेल, तर तारा एकमेकींवर घासतात, त्यांच्यावरचे इनॅमल झिजते आणि शेवटी शॉर्ट होते. पट्टी ही टोके घट्ट बांधून ठेवते. सुती पट्टी अर्धी अर्धी एकमेकींवर चढवत गुंडाळली की प्रत्येक ठिकाणी दोन थर बसतात. कापड सच्छिद्र असल्यामुळे वार्निश त्यात मुरते, आणि भट्टीत तापवल्यावर तार, कापड व वार्निश यांचा एकच कडक गोळा होतो. कापडाचा खरा गुण हाच. त्याऐवजी कोणी घरगुती वायरिंगची काळी प्लास्टिकची पट्टी आत गुंडाळली, तर ती साधारण ऐंशी अंशांपुढे मऊ पडू लागते, तिचा गोंद पाझरतो आणि वार्निशला ती आत शिरूच देत नाही. बाहेरून दोन्ही मोटारी सारख्याच दिसतात.

उष्णता सोसण्याच्या शक्तीवरून या आवरणांचे वर्ग ठरलेले आहेत. आपल्याकडे आय.एस. १२७१ हे मानक त्यासाठी आहे. वार्निश न पाजलेले सूत ‘वाय’ वर्गात, म्हणजे ९० अंश सेल्सिअसपर्यंत. तेच सूत वार्निशमध्ये भिजवले की ‘ए’ वर्गात, १०५ अंश. पुढे ‘ई’ १२०, ‘बी’ १३०, ‘एफ’ १५५ आणि ‘एच’ १८०. हे आकडे वाऱ्यावरचे नाहीत. ‘बी’ वर्गाचा हिशेब असा की भोवतालची हवा ४० अंश, मोटारीची स्वतःची वाढ ८० आणि आतल्या सर्वांत तापलेल्या जागेसाठी १० अंश राखीव. आपल्या शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पहिल्याच रकान्यात तूट येते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर दहा अंशांना आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम अभियंते सांगतात. व्याजाचे गणित शिकणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग सर्वांत महाग पट्टी घ्यावी काय? तेही नव्हे. जुना पंखा, तेलातला ट्रान्सफॉर्मर किंवा ‘ए’ वर्गाची कॉइल यांना वार्निश पाजलेली सुती पट्टी आजही शोभते. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर ॲसिटेट कापडाची चिकट पट्टी छान बसते; तीही १०५ च्याच वर्गातली. मोटारीच्या पाटीवर ‘बी’ किंवा ‘एफ’ लिहिलेले असेल, तर मात्र काचेच्या धाग्यांचे कापड हवे. तिथेही नुसते ‘ग्लास टेप द्या’ म्हणून भागत नाही. कारण काच तग धरते, तिच्यावरचा गोंद धरेलच असे नाही. रबरी गोंदाची पट्टी साधारण १३० ते १५५ अंशांची, सिलिकोन गोंदाची १८० ची. शिवाय तार १३० अंशांची आणि पट्टी १८० ची घातली, तर मोटार १८० ची होत नाही. सगळ्यांत कमी सोसणारा घटक जो असेल, त्याचाच वर्ग मोटारीला मिळतो. बोअरमधल्या पाणी भरलेल्या मोटारीची तर तऱ्हाच निराळी. तिची तार प्लास्टिकच्या वेष्टनाची असते आणि तिला वार्निश देत नाहीत. तात्पर्य, महाग किंवा स्वस्त हा प्रश्नच नाही. जुळणारी कोणती, हा आहे.

आता आपल्या शाखेकडे वळू. परिव्यय लेखाशास्त्रात आपण शिकतो की शिवणाचा दोरा, खिळे, गोंद ही अप्रत्यक्ष सामग्री. तिचा वेगळा हिशेब ठेवणे परवडत नाही, म्हणून ती वरखर्चात टाकावी. ही सोय आहे, आणि ती योग्यही आहे. पण सोयीचे हळूहळू मत बनते. जे किरकोळ खर्चात लिहिले, ते किरकोळच आहे असे आपण समजू लागतो. साठ्याच्या ए-बी-सी वर्गीकरणात ही पट्टी किमतीमुळे तळाच्या ‘सी’ गटात पडेल. व्ही-ई-डी वर्गीकरण लावले, तर ती ‘व्हायटल’, म्हणजे जिच्यावाचून काम अडते, अशा पहिल्या गटात बसेल. एकच वस्तू एका वहीत शेवटची आणि दुसऱ्या वहीत पहिली! परीक्षेत आपण ही दोन्ही वर्गीकरणे वेगवेगळ्या पानांवर लिहितो. ती एका वस्तूवर एकत्र लावून पाहण्याची सवय मात्र आपल्याला कोणी लावत नाही.

कायदाही याबाबत अगदीच मुका नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ असे असले, तरी त्याच्या कलम १६ मध्ये अपवाद आहे : घेणाऱ्याने आपले प्रयोजन सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली, तर माल त्या प्रयोजनाला योग्य असलाच पाहिजे. पट्टीचे भेंडोळे विकत घेणाऱ्या कारागिराला हे लागू पडते. मोटार दुरुस्तीला देणारा मात्र सेवा घेतो. त्याच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि त्यात सेवेचा दर्जा व मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. पण जो प्रश्नच विचारत नाही, त्याला हक्क असून काय उपयोग?

कारागिराची बाजूही ऐकली पाहिजे. शेजारचा दुकानदार शंभर रुपये कमी सांगतो आणि गिऱ्हाईक तिकडे जाते, ही त्याची तक्रार खोटी नाही. काचेची पट्टी दिवसभर हाताळली की बोटांना खाज सुटते. तो त्रासही तोच सोसतो. चांगला माल वापरल्याचे श्रेय त्याला मिळत नाही, कारण तो माल दिसतच नाही. म्हणजे झाकलेल्या मुठीमुळे नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे होत नाही. प्रामाणिक कारागिराचेही होते. बिलावर माल लिहिला गेला, तर शंभर रुपयांचा फरक कशाचा आहे हे तरी कळेल.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना सांगण्यासारखी एक गंमत आहे. कन्नडात कापडाला ‘बट्टे’ म्हणतात. मराठी व्यापारात ‘बट्टा’ म्हणजे सूट, आणि नावाला लागतो तोही बट्टाच. बट्ट्यावर बट्टा मागणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे! विनोद सोडला, तरी या व्यवसायात दोन्ही भाषांचे नाते जुने आहे. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला तो बेंगळुरूला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रिवाइंडिंगच्या बिलावर चार ओळी असाव्यात : तार, पट्टी, वार्निश आणि वर्ग. अशा बिलाचा एक पानी नमुना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू भाषांत तयार करावा आणि ट्रूप बाजारातील व आसपासच्या कारागिरांना नेऊन द्यावा. ‘बी’ आणि ‘एफ’ ही अक्षरे चारही भाषांत तीच राहतात. सगळे कारागीर तो वापरणार नाहीत, काही वापरतील. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून जाऊ, तेव्हा ‘पैसे किती’ याच्या आधी ‘पट्टी कोणती’ एवढे तरी विचारू.