फेटा बांधून इतिहास येत नाही

इतिहासाचा तास रंजक कसा करावा, यावर सध्या सल्ल्यांचा पूर आलेला आहे. शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप, प्रशिक्षणवर्ग, शाळांची चकचकीत माहितीपत्रकं, सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच यादी फिरते. मुलांना ऐतिहासिक पोशाख घालायला लावा. नाटुकली बसवा. पुठ्ठ्याचा किल्ला करा. सनावळीचा तक्ता रंगवा. मोबाइलवर क्विझ खेळवा. याला ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड लर्निंग’ म्हणायचं. मुलं खूश, पालक खूश, फोटोही झकास येतात. माझं म्हणणं असं आहे की यातल्या बहुतेक उपक्रमांचा इतिहासाशी फारसा संबंध नाही. पाठांतर तेच राहतं, त्याला फक्त फेटा बांधला जातो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही आणि शिक्षकही नाही. इंजिनीअरिंग केलं, ठाण्यात आयटीत नोकरी करतो, राहतो डोंबिवलीत. पण या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी असलेला ‘एंगेजमेंट’ हा शब्द माझ्या धंद्यातला आहे, म्हणून बोलायचा हक्क घेतो. आमच्याकडे एंगेजमेंट मोजतात. माणूस ॲपवर किती मिनिटं थांबला, किती वेळा परत आला, किती बटणं दाबली. त्याला काही कळलं का, हे त्या आकड्यांत कुठेही नसतं आणि ते मोजायला कुणी सांगतही नाही. हाच शब्द वर्गात आला तेव्हा सोबत हेच मोजमाप आलं. वर्गात दंगा झाला, हात वर झाले, टाळ्या पडल्या, म्हणजे तास यशस्वी.

आता आमच्याच गावचं उदाहरण घेऊ. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचा प्रसंग. ठाणे-कल्याण पट्ट्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रवेश पाहिला नाही असा माणूस सापडणं कठीण. एक मुलगा महाराज, एक आबाजी सोनदेव, एक मुलगी खाली मान घालून उभी. महाराजांच्या तोंडी ते सर्वांना पाठ असलेलं वाक्य आणि मग टाळ्यांचा कडकडाट. एंगेजमेंट शंभर टक्के. अडचण एवढीच आहे की या प्रसंगाला समकालीन साधनांत आधार मिळत नाही, असं इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी सांगून झालं आहे. महाराजांचं परस्त्रीविषयीचं धोरण समजायला या एका दंतकथेची गरजही नाही. त्यांचा मोठेपणा नाट्यप्रवेशावर उभा नाही.

त्याच गावाबद्दलचा, त्याच वर्षांतला एक अस्सल पुरावा आपल्याकडे आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात असा मजकूर आहे की शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलजवळचा मुलूख घेतला असून तो भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे लढाऊ जहाजं बांधतो आहे, आणि ही जहाजं समुद्रावर जाऊ देऊ नयेत. आरमाराच्या जन्माची ही शत्रूने केलेली नोंद आहे. माझ्या शालेय आयुष्यात मला हे कुणी सांगितलं नाही. दुर्गाडीच्या पायथ्याशी खेळणाऱ्या मुलांनाही ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

हा मजकूर सातवीच्या वर्गात ठेवला तर काय होईल बघा. फेटा नको, प्रोजेक्टर नको, ठाणे जिल्ह्याचा एक नकाशा पुरे. कल्याणला बांधलेलं जहाज समुद्रात कसं जाईल? मुलं बोट फिरवतील. उल्हास नदीने खाली जायचं. मग दोन वाटा: एक घोडबंदरकडून वसईला, दुसरी ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे. १६५९ मध्ये वसई कुणाकडे होती? पोर्तुगीजांकडे. ठाणे? पोर्तुगीजांकडे. म्हणजे जहाजं बांधणाऱ्याच्या दोन्ही वाटा दुसऱ्याच्या हातात! मग त्याने ती कोणत्या हिशेबाने बांधली? पोर्तुगीज एवढे का घाबरले? पत्र लिहिणारा शिवाजी हे नाव न घेता ‘शहाजीचा मुलगा’ का म्हणतो? या प्रश्नांवर पस्तीस मिनिटांचा तास सहज जातो. यात मुलांची करमणूक होते की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्यांना विचार करावा लागतो एवढं नक्की. शिवाय महाराजांच्या धाडसाची जी कल्पना या नकाशावरून येते, ती रंगमंचावरच्या लाकडी तलवारीवरून येणार नाही.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. क्विझमध्ये हमखास विचारतात: अंतर किती? ३४ किलोमीटर. डबे किती? १४. इंजिनांची नावं? साहिब, सिंध, सुलतान. पटकन बटण दाबलं की गुण. पण हा प्रश्न कुणी विचारत नाही की कंपनीने एवढा खर्च केला तो ठाणेकरांना मुंबईला नेण्यासाठी का? त्या उद्घाटनानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि त्यात लष्कर हलवण्याचे आणि व्यापाराचे फायदे मांडले. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती आणि कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून जायची. आठवीच्या मुलांना टक्केवारी येते, त्यांना हा हिशेब घालता येतो. मे १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि तिथून फुटले, एक फाटा बोरघाटाकडे, एक थळघाटाकडे. का फुटले, हे कल्याण स्टेशनात उभं राहून सह्याद्रीच्या नकाशाकडे पाहिलं की कळतं. कर्जत आणि कसारा ही नावं रोज इंडिकेटरवर वाचणाऱ्या मुलांना या फाट्याचं कारण कुणी विचारलेलं नसतं.

कुणी म्हणेल, लहान मुलांना पुरावे-बिरावे कशाला, त्यांना गोष्टी आवडतात. गोष्टी जरूर सांगा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायलाही माझी हरकत नाही. तो खेळ आहे आणि खेळ म्हणून उत्तम आहे. पण मुलांना कोडीही आवडतात, आणि इतिहासात अस्सल कोड्यांचा तुटवडा नाही. शिवजयंतीच घ्या. आपल्याकडे ती फेब्रुवारीत तारखेने होते आणि फाल्गुनात तिथीने होते. मुलं दोन्ही मिरवणुका बघतात. जुने लोक तिसरी तिथीही सांगतात, वैशाखातली, आणि तिच्यात वर्षच १६२७ आहे. एका माणसाचे वाढदिवस इतके कसे? यामागे केवढी थरारक गोष्ट आहे! लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही तिथी होती. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातून तिला दुजोरा मिळाला. पुढे अनेक दशकं वाद चालला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. चौथीतल्या मुलालाही विचारता येईल: दोन कागद दोन तारखा सांगतात, तू कुणावर विश्वास ठेवशील? का? कोणता कागद घटनेच्या जास्त जवळचा आहे? यात कुणाचा अपमान नाही. उलट, कागद तपासत बसणाऱ्या माणसांनी महाराजांचा जन्मदिवस शोधून काढला, हे मुलांना कळतं.

आणि हे सगळं काही मी नव्याने सांगत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ पासूनच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. त्यात व्हॉल्टेअर आहे, रांके आहे, मिशेल फुकोसुद्धा आहे. पुस्तक हातात घेतलं तेव्हा मी चाट पडलो, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग स्वाध्याय बघितला. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चार पर्यायांतून निवडा. पुरावा तपासल्याशिवाय कुणाचं ऐकू नका, असं शिकवणाऱ्या माणसांची नावंच आपण पाठ करायला दिली! अमेरिकेत सॅम वाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी दोन-तीन मूळ कागद आणि एक प्रश्न असे धडे तयार करून शिक्षकांना फुकट देतात. आपल्याकडे तर त्याहून जुनी परंपरा आहे. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा आहे. त्या खंडांतलं एक साधं पत्र शाळेच्या वर्गात वाचलं जातं का?

याची किंमत आपण मोजतो आहोत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात माणसं रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणताना दिसली, सिनेमा पाहून मोगलांचा खजिना शोधायला आलेली. हसू नका. यापेक्षा जास्त एंगेज झालेला प्रेक्षक कुठून आणणार? त्या माणसांना इतिहासात रस नव्हता असं कोण म्हणेल? ‘हे तुला कुठून कळलं’ हा एक प्रश्न विचारायची सवय मात्र त्यांना कुणी लावली नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला ५ जानेवारी २००४ आहे. त्या दिवशी एका पुस्तकातल्या मजकुराच्या रागापोटी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. मजकूर निषेधार्ह होता, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच: ज्या कागदांतून त्याला उत्तर देता आलं असतं, त्या कागदांच्याच घरात नासधूस का झाली? टाळ्या वाजवायला शिकलेल्या मुलाला मोठेपणी दगडही सहज उचलता येतो. दोन्ही वेळा कुणीतरी इशारा करायचा अवकाश असतो.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. वर्गात साठ मुलं, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोर्टलवर भरायच्या माहित्या, आणि दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून ४० गुण. त्यात वर ‘उपक्रम’ घ्या आणि फोटो पाठवा. माझा रोख त्यांच्यावर नाही. मी जे सुचवतो आहे ते पोशाखांच्या कार्यक्रमापेक्षा कमी खर्चाचं आणि कमी धावपळीचं आहे. महिन्यातून एक तास, एक कागद किंवा एक जागा, आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही.

जागांची तर इथे रेलचेल आहे. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथून निसटले. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. १७८७ मध्ये याच किल्ल्यात खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट मिळाला. म्हणजे किल्ल्याच्या आधीही इथे सातशे वर्षांचं काहीतरी होतं. वर्गाला विचारा: या जागेबद्दल पोर्तुगीज, पेशवा, इंग्रज अधिकारी आणि कैदी यांनी प्रत्येकी एक पत्र लिहिलं असेल, तर कोणत्या गोष्टीवर चौघांचं एकमत होईल?

उल्हासनगर तर लोकलने दहा मिनिटांवर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना लष्कराच्या रिकाम्या बराकींत ठेवलं, ८ ऑगस्ट १९४९ ला त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. ही माणसं अजून काही वर्षंच सांगायला असणार आहेत. पाच मुलांनी पाच आजी-आजोबांना तेच दहा प्रश्न विचारावेत आणि उत्तरं कुठे जुळत नाहीत ते वर्गात मांडावं. न जुळणाऱ्या जागी खरा इतिहास सुरू होतो.

तेवढंही नको असेल तर घरातूनच सुरुवात करा. आपली इमारत उभी आहे तिथे आधी काय होतं? शेत होतं तर कुणाचं? आपलं कुटुंब डोंबिवलीत कधी आलं, गिरणगावातून की गिरगावातून, १९८२ च्या संपाआधी की नंतर? रेशनकार्ड काय म्हणतं आणि आजोबा काय म्हणतात? वर्गातल्या आगरी-कोळी मुलांची उत्तरं वेगळी येतील आणि ती ऐकताना बाकीच्यांना थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्यावं. सत्तावीस गावांचा वाद वर्तमानपत्रात वाचण्याआधी तो शेजारच्या बाकावरून ऐकलेला बरा.

या तासाचे फोटो चांगले येणार नाहीत. एका कागदावर वाकलेली, एकमेकांशी वाद घालणारी मुलं दिसतील, बस. शाळेच्या माहितीपत्रकात तो फोटो कुणी छापणार नाही. पालकांनी पुढच्या पालकसभेत एवढंच विचारावं: यंदा माझ्या मुलाने इतिहासाचा एक तरी मूळ कागद वाचला का?