आमचा ठसा आम्हीच खोदू

आपल्या पोरांत एक खूळ माजलंय. लिनोकट वेडावाकडा आला, अक्षरं बुजली, शाई फासली गेली, की म्हणायचं, 'हाच आपला विद्रोह! सफाई ही ब्राह्मणी भानगड!' मला हे साफ नामंजूर आहे. ओबडधोबड असणं म्हणजे विद्रोह असता, तर आपल्या वस्तीतलं फुटकं गटार सगळ्यात मोठं क्रांतिकारक ठरलं असतं. प्रस्थापितांना आपलं ओबडधोबड फार आवडतं. गॅलरीत उभे राहून ते त्याला 'रॉ एनर्जी' म्हणतात. म्हणजे अक्कल त्यांची आणि ताकद आपली. हीच वाटणी मनूनं केली होती. ती आपण आपल्याच हातानं पुन्हा का करायची?

ठशाची छपाई म्हणजे उठावाची छपाई. जे उंच राहतं त्याला शाई लागते, जे खोदलं जातं ते कोरं राहतं. कायदा एवढाच, पण सगळं राजकारण त्यात आहे. आपल्या आईचा चेहरा काढून बघा. शाळेत शिकवतात तशी बाहेरची रेघ काढली आणि तेवढीच राखली, तर आतली सगळी कातडी खरवडून टाकावी लागते. छापून येते ती कुणीतरी गोरी बाई. आईचा रंग हवा असेल तर उलटं चालावं लागतं. कातडी राखायची आणि उजेड पडलाय तेवढाच खोदायचा : गालाचं हाड, नाकाचा शेंडा, डोळ्याची कड. इथं काळं मूळचं आहे, पांढरं उपरं.

हे एलिझाबेथ कॅटलेटला कळलं होतं. अमेरिकेतली ही काळी बाई 1946 साली मेक्सिकोत गेली आणि 1937 साली तिथं निघालेल्या लोकचित्रकारांच्या छापखान्यात राबली. तिचं 'शेअरक्रॉपर' हे 1952 सालचं लिनोकट बघा. रुंद टोपीतली शेतमजूर बाई, जाकीट सेफ्टी पिनेनं अडकवलेलं. चेहऱ्यावर बारीक बारीक काप, पण एकही काप आंधळा नाही. त्या बाईचा मान त्या सफाईत आहे.

आता अक्षराचं. ठशावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं खोदायचं असतं. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाते, दीर्घ डावीकडे. बटर पेपरवर सरळ लिहून तो पालथा घालावा आणि गिरवावा, म्हणजे घोटाळा होत नाही. खरा धोका पुढेच आहे. देवनागरीचा जीव एवढ्याशा फटीत असतो. 'भ'च्या डोक्यावरची फट शाईनं बुजली की 'भीम'चा 'मीम' होतो, 'धम्म'चा 'घम्म'. तिथंही सफाईला ब्राह्मणी म्हणणार काय? अक्षर मोठं घ्या, फट खोल खोदा, शाईचा थर पातळ ठेवा. काचेवर रोलर फिरवताना बारीक सळसळ ऐकू आली तर थर बरोबर. चपचप वाजलं तर शाई जास्त झाली.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला गोणपाट. मी गोदीत काम करतो. गोणपाट ओळखतो आणि जोरही ओळखतो. पण इथं जोर चालत नाही. गारठलेला लिनो कडक होतो, हत्यार सटकतं आणि दुसऱ्या हातात घुसतं. आधी लिनो उन्हात ठेवा, मऊ येतो. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. रेघेच्या कडा शेताच्या बांधासारख्या ठेवा, वर अरुंद, खाली रुंद. मुळाशी पोखरलेली रेघ दाबाखाली मोडते.

छापायला प्रेस लागत नाही. पातळ, शाई पिणारा कागद आणि स्टीलच्या चमच्याची पाठ पुरे. मधून सुरुवात करून कडेपर्यंत घासत जायचं. मग एक कोपरा उचलून बघायचं, बाकीचा कागद दाबून धरून. फिकं दिसलं तर पुन्हा घासायचं.

साधनं इतकी कमी लागतात म्हणूनच 1931 साली शांघायमध्ये लू शुननं 13 पोरांसाठी लाकडी ठशांचा वर्ग घेतला. शिकवणारा जपानी, दुभाषा स्वतः लू शुन. 6 दिवस. एवढा मोठा लेखक नुसता जोश पुरे म्हणाला नाही, त्यानं पोरांना आधी खोदायला शिकवलं. आपल्या मुंबईतही अंधेरीत राहून चित्तप्रसाद वर्षानुवर्षं लिनो खोदत राहिला. जातीच्या निषेधात त्यानं भट्टाचार्य हे आडनाव टाकलं. हत्यार टाकलं नाही.

आणि आपल्याला हत्यार नवं आहे काय? रापी धरणाऱ्या हाताला पात्याचा कोन शिकवावा लागत नाही. जातीनं लादलेल्या धंद्याचा पोवाडा मी गात नाही, तो धंदा जळो. पण हातातली अक्कल जातीनं दिलेली नव्हती, ती आपली होती. ती आजवर दुसऱ्यांच्या पायात गेली. आता आपल्या कागदावर येऊ द्या.

कुणी म्हणेल, मोबाईलवर मिनिटात पोस्टर होतं, मग हा कुटाणा कशाला? त्या पोस्टरवर बाबासाहेबांचा चेहरा किती गोरागोमटा केलेला असतो, ते एकदा नीट बघा. मग चमचा हातात घ्या.

येत्या 6 डिसेंबरला प्रत्येक वस्तीतून एक ठसा आला पाहिजे. वाईट आला तर विद्रोह म्हणून तो आपण छापायचा नाही. पुन्हा खोदायचा.