छातीत वायू भरताना हृदयाची राखण

'दुर्बिणीचे ऑपरेशन' हे शब्द आता घरोघरी पोचले आहेत. पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स, गर्भाशयाच्या गाठी यांसाठी पोट मोठे चिरण्याऐवजी तीन-चार छिद्रांतून काम भागते, आणि त्यासाठी पोटात वायू भरून ते फुगवतात, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण छातीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी सांगताना डॉक्टर "थोडा वायू भरावा लागेल" असे म्हणाले, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. छातीत तर हृदय आणि फुप्फुसे! तिथे वायू भरला तर हृदय दबणार नाही का? श्वास कोंडणार नाही का?

ही शंका मुळीच खुळी नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ हेही याच प्रश्नाचा विचार करून प्रत्येक पाऊल टाकत असतात.

पोट वेगळे, छाती वेगळी

पोटाची भिंत ताणली जाणारी असते. वायू भरला की ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत जागा होते. छातीभोवती मात्र बरगड्यांचा पिंजरा आहे. तो असा फुगत नाही. पण इथे निसर्गानेच एक सोय केलेली आहे. फुप्फुस रबरासारखे सतत आकसू पाहत असते. त्याच्या आणि छातीच्या भिंतीच्या मधल्या पोकळीतील ओढीमुळे ते फुगलेले राहते. बाहेरून छिद्र पाडून त्या पोकळीत हवा शिरू दिली की फुप्फुस आपोआप मिटते आणि काम करायला जागा मिळते. भूलतज्ज्ञ श्वासमार्गात दुहेरी नळी घालून एकाच फुप्फुसाला श्वास देतात. दुसरे तेवढा वेळ स्वस्थ पडून राहते. म्हणूनच छातीच्या बऱ्याच शस्त्रक्रियांत दाबाने वायू भरावा लागतच नाही.

मग तो केव्हा लागतो? फुप्फुस पुरेसे मिटत नसेल तेव्हा, छातीच्या मध्यभागी उरोस्थीच्या मागे असलेली थायमस ग्रंथी किंवा गाठ काढताना, यंत्रमानवाच्या (रोबोटच्या) साहाय्याने शस्त्रक्रिया करताना. लहान मुलांतही तो उपयोगी पडतो, कारण त्यांच्या चिमुकल्या श्वासनलिकेत दुहेरी नळी मावत नाही.

जुनीच कल्पना, नवे रूप

छातीत वायू भरणे ही काही आजची गोष्ट नव्हे. क्षयरोग झालेल्या फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून पोकळीत वायू भरून ते मिटवावे, ही कल्पना इटलीचे डॉक्टर कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडली. स्वीडनचे डॉक्टर याकोबेयस यांनी १९१० मध्ये, मूत्राशय तपासण्याची दुर्बीण छातीच्या पोकळीत घालून आत पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे क्षयावर गुणकारी औषधे आली आणि वायू भरण्याचा उपचार मागे पडला. दुर्बीण मात्र राहिली. १९९० नंतर तिला छोटा कॅमेरा जोडला गेला, आतील चित्र पडद्यावर मोठे दिसू लागले आणि छातीच्या शस्त्रक्रियेचे रूपच पालटले.

वायू कोणता? कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी जाळून बंद करताना भडका उडण्याची भीती नसते. तो रक्तात चटकन विरघळतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. चुकून थोडासा रक्तवाहिनीत शिरला तरी साध्या हवेच्या बुडबुड्यापेक्षा त्याचा धोका कमी. अर्थात अजिबात नाही असे नव्हे.

लहान आकडा, मोठा अर्थ

खरी मेख आहे ती दाबात. रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. १२०-८० हे आकडे आपल्या परिचयाचे आहेत. वायूचा दाबही तसाच मोजतात. पोटात तो साधारण १२ ते १५ असतो, तर छातीत सहसा ५ ते ८ पुरतो. आपल्याला वाटेल, १२० पुढे ८ म्हणजे काय? पण १२० हा दाब हृदयातून बाहेर पडणाऱ्या धमन्यांतला. शरीरभर फिरून हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांतला दाब जेमतेम २ ते ८ च असतो आणि त्यांच्या भिंती मऊ असतात. बाहेरचा दाब वाढला की त्या चेपल्या जातात. रहाटाच्या पोहऱ्यात पाणीच आले नाही, तर रहाट कितीही फिरवला तरी पन्हाळ कोरडीच राहणार. हृदयाचेही तसेच. ते धडधडत राहते, पण त्यात रक्तच कमी येते आणि रक्तदाब घसरतो. अपघातात बरगडी मोडून छातीत हवा कोंडली की जीव धोक्यात येतो तो याच कारणाने. फरक एवढाच, की शस्त्रक्रियागृहात वायूची कळ डॉक्टरांच्या हातात असते.

अमेरिकेत १९९३ साली डुकरांवर केलेल्या प्रयोगांत अशा दाबाने रक्ताभिसरण मंदावल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, वायू सावकाश भरला आणि दाब १० च्या आत ठेवला तर तो बहुधा चांगला सोसला जातो असे आढळले. आजची शिस्त हीच आहे: वायू मिनिटाला एक-दोन लिटर इतक्या धिम्या गतीने सोडावा, दाब कामापुरताच ठेवावा.

पहारा कोणाचा?

शस्त्रक्रिया चालू असताना भूलतज्ज्ञाची नजर पडद्यांवर खिळलेली असते. हृदयाचा आलेख, रक्तदाब, बोटाला लावलेल्या चिमट्यातून कळणारे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, आणि उच्छ्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. हा शेवटचा आकडा वाढू लागला, तर भरलेला वायू रक्तात साठत असण्याचा संभव असतो. मग श्वासाची गती वाढवतात. मोठ्या शस्त्रक्रियेत मनगटाच्या धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाब क्षणाक्षणाला पाहतात. एकाएकी रक्तदाब घसरला किंवा नाडी मंदावली, तर पहिला उपाय औषधाचा नसतो. वायू बंद करायचा आणि आत भरलेला बाहेर सोडायचा. पुष्कळदा तेवढ्यानेच हृदय सावरते. सावरले नाही, तर इतर कारणे शोधतात आणि गरज पडली तर छाती उघडतात. असे झाल्यास 'ऑपरेशन फसले' असे समजू नये. वेळीच घेतलेला तो शहाणा निर्णय असतो.

घरच्यांनी काय करावे?

भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी भेटतील, तेव्हा काहीही लपवू नका. जिना चढताना धाप लागते का, छातीत दुखते का, दमा, जुना क्षय, हृदयविकार, चालू असलेल्या गोळ्या, सारे सांगा. विडी-सिगारेटची गोष्ट सासऱ्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोला. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसेही धुराने कमजोर झालेली असू शकतात, हे विसरू नका. धूम्रपान निदान चार आठवडे आधी सुटले तर उत्तम; त्याहून लवकर सोडले तर आणखी चांगले.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी निःसंकोच विचारा: वायू भरावा लागेल का? एका फुप्फुसावर श्वास घेणे या रुग्णाला झेपेल का? गरज पडल्यास छाती उघडण्याची तयारी इथे आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतर छातीत एक नळी असते आणि ती पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवावी. नळीला पीळ पडू देऊ नये आणि ती आपल्या मनाने चिमट्याने बंद करू नये. मानेजवळ कातडीखाली कुरकुर जाणवली, तर तिथे वायू शिरलेला असतो. बहुधा तो आपोआप जिरतो, पण परिचारिकेला लगेच दाखवावे. दुखते म्हणून श्वास आखडता घेऊ नये. वेदनाशामक घेऊन दीर्घ श्वसनाचा व्यायाम करावा. घरी आल्यावर एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, ओठ निळसर झाले किंवा ताप चढला, तर उद्याची वाट पाहू नका.

छिद्र लहान असते, व्रणही लहान राहतो, पण आतली शस्त्रक्रिया लहान नसते. कमी दाब, धिमी गती आणि जागता पहारा यांवरच तिची सुरक्षितता अवलंबून आहे. त्या पहाऱ्यातला पहिला भाग आपल्याकडे आहे: विचारणे आणि खरे सांगणे.