बंदूक कलेक्टरची, बार फॉरेस्टचा, वावर मात्र आपले



मागच्या बैठकीत एक तरुण कास्तकार उभा राहिला. म्हणाला, "साहेब, रोह्यांचा कळप एका रात्रीत पऱ्हाटीचे शेंडे खुडून जातो. डुकरांनी ज्वारी आडवी केली. मोबाईलवर पाहतो, अमेरिकेतला शेतकरी धडाधड गोळ्या सुटणारी रायफल घेऊन वावरात उभा असतो. मग आपल्यालाच का नाही?" सभेत हशा पिकला. मला हसू आले नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हंगाम जातो त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नसतो. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

आधी रायफलीचे. अमेरिकेत बंदुकीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियाने १९८९ साली ठराविक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आणली आणि लोकांकडे आधीपासून होत्या त्यांची नोंदणी सक्तीची केली. शेजारच्या राज्यात तसा कायदा असेलच असे नाही. आपल्याकडे तसे नाही. शस्त्रे हा राज्यघटनेने केंद्राच्या यादीत टाकलेला विषय आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि ते साऱ्या देशाला एकच. त्यात अर्धस्वयंचलित रायफल वरच्या, निर्बंधित वर्गात येते. तिची परवानगी कलेक्टरच्या हातात नाही, दिल्लीच्या गृहखात्याच्या हातात आहे. पीक राखायला ती कोणी देणार नाही. तेव्हा तो नाद सोडा.

पण नाद सोडा म्हणजे बंदूक सोडा असे नाही. कायद्याने शेतकऱ्याला जे देऊ केले आहे ते आपण मागतच नाही, आणि मागितले तर भीक मागितल्यासारखे मागतो. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. जागलीला जाताना ते ती खांद्यावर टाकून नेत. जनावर मारल्याचे मला आठवत नाही. बार काढला की कळप नाला ओलांडून जाई, एवढे आठवते. वडील गेले, बंदूक कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा केली आणि मी माझ्या नावाने अर्ज केला. कचेरीतल्या बाबूने विचारले, "सातबारा किती एकरांचा? इन्कम टॅक्स भरता का? बँकेत शिल्लक किती?" मी शेतकीचा पदवीधर, चार बुके वाचलेला माणूस; पण खाली मान घालून परत आलो. माझ्याजवळ होते कोरडवाहू सात एकर आणि सोसायटीचे कर्ज. मला वाटले, बंदूक मालदारालाच मिळत असेल.

पुढे चळवळीत आलो, कायद्याचे पुस्तक उघडले, आणि स्वतःचीच लाज वाटली. कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिले आहे, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. बाबूने नियम सांगितला नव्हता. त्याने मला माझी पायरी दाखवली होती.

आता कलम १३ पाहा. भारताच्या नागरिकाने खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना 'दिला पाहिजे' अशी कायद्याची भाषा आहे. 'देऊ शकेल' अशी नाही. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, तो देऊ शकतो. नकार द्यायला कारणे ठरलेली आहेत: माणूस अपात्र असणे, मन ठिकाणावर नसणे, सार्वजनिक शांततेला धोका असणे. नकाराची कारणे लिहून ठेवावी लागतात आणि, लोकहिताची आडकाठी नसेल तर, मागितल्यावर ती अर्जदाराला द्यावी लागतात. त्यावर अपील आहे. कलेक्टरच्या हुकुमावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे जाते.

तुम्ही म्हणाल, "पोलिसांचा रिपोर्टच येत नाही." अर्ज आला की जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो, हे खरे. पण तो ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय करण्याची मुभा त्याच कलमाने परवाना अधिकाऱ्याला दिली आहे. मुदत सरली की या तरतुदीची आठवण करून देणारा अर्ज द्या आणि पोच घ्या. वय २१ पूर्ण हवे. बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. ज्यांचे जुने परवाने आहेत त्यांनी आपल्या परवान्याला संगणकावरचा युनिक नंबर मिळाला आहे का ते तपासावे. तो नसेल तर परवाना चालत नाही. आणि मायबहिणींनो, कायदा 'नागरिक' म्हणतो, 'पुरुष' म्हणत नाही. वावर कसणाऱ्या बाईलाही हा अर्ज करता येतो.

इथपर्यंत कलेक्टर कचेरी झाली. खरी गोम पुढे आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ती वेगळी, वेगळ्या खात्याची, वेगळ्या कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ मध्ये 'उभ्या पिकासह मालमत्तेला' धोकादायक झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी कारणे नमूद करून लेखी देता येते. रोही आणि रानडुक्कर आज अनुसूची दोनमध्ये आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ही तरतूद त्यांना लागू आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या दोन जनावरांपुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे आपल्या रेंजरपर्यंत, खाली आणला. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. ते घरी नेले, वाटून खाल्ले, तर तो गुन्हा आहे.

म्हणजे बंदूक कलेक्टर देणार, बार काढायची परवानगी फॉरेस्ट देणार, आणि दोघांच्या मध्ये रात्र शेतकऱ्याची जाणार. बंदूक आहे त्याच्याकडे परवानगी नसते. परवानगी मिळाली त्याच्याकडे बंदूक नसते. २०१५-१६ साली बिहारने केंद्राकडून रोह्याला उपद्रवी जनावर ठरवून घेतले, आणि मग मोकामा भागात नेमबाज आणावे लागले ते हैदराबादहून. ज्याचे पीक, त्याच्या हातात काही नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या विधानसभेची निवडणूक २०१४ ला १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ ला २१ ऑक्टोबरला, २०२४ ला २० नोव्हेंबरला. ज्वारी दाण्यावर येण्याचे आणि कापूस वेचणीचे हेच दिवस. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांत कलेक्टर आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने परवानाधारकांचा विचार करावा असे आहे. सरसकट गोळा करणे ही खालच्या लोकांची सोय आहे. 'माझा परवाना पीकसंरक्षणाचा आहे, माझ्यावर गुन्हा नाही, मला वगळा' असा अर्ज आचारसंहिता लागताच समितीकडे द्या.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला तो या देशातल्या माणसावर विश्वास नव्हता म्हणून. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. साहेब गेला, कायदा बदलला, पण कचेरीतला अविश्वास खुर्चीत तसाच बसून राहिला.

हा रस्ता इतका अवघड केल्यामुळे काय होते ते सांगतो. माणूस कुंपणाच्या तारेत थेट लाईन सोडतो. आमच्या भागात एका घरात काकाने सोडलेल्या तारेला पहाटे पुतण्या चिकटला. वीस वर्षांचा पोरगा गेला आणि काका सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. डुकरे दुसऱ्या धुऱ्याने येतच आहेत. भावांनो, ही तार आजच्या आज काढा. थांबून थांबून झटका देणारे सौर कुंपण वेगळे, थेट लाईन वेगळी. गावठी कट्टाही नको. बिनपरवाना बंदुकीला २०१९ पासून दोन ते पाच वर्षांची कैद आहे.

बंदुकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. एका बंदुकीने कळप संपत नाही. रान तुटले, वाघ-बिबटे कमी झाले, तिथे डुक्कर वाढणारच. जागल, कुंपण, शेजाऱ्याशी मिळून राखण, हे सारे लागणारच आहे. आणि कर्जाच्या घरात बंदूक आणताना दहादा विचार करा. बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. घरात कोणाचे मन खचले असेल, दारू असेल, भांडण असेल, त्या घरात बंदूक नको. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते.

तरीही निर्णय शेतकऱ्याने करायचा, बाबूने नव्हे. म्हणून आपल्या मागण्या तीन. पीकसंरक्षणाचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी यांचे अर्ज तहसिलीत एकाच खिडकीवर घ्यावेत. निवडणुकीत पीकसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करू नयेत. नुकसानीचा पंचनामा झाला की तोच दोन्ही अर्जांना पुरावा धरावा. यातल्या एकाही मागणीसाठी दिल्लीला कायदा बदलावा लागत नाही. मुंबईने आणि जिल्ह्याने मनावर घेतले की पुरे.

पुढच्या बैठकीला येताना सातबारा, आधार आणि झालेल्या नुकसानीचे पंचनामे घेऊन या. अर्ज बैठकीतच लिहू, एका दिवशी सगळे मिळून नेऊन देऊ, आणि प्रत्येकजण पोच घेऊनच कचेरीच्या बाहेर पडेल. तोंडी 'नाही' ऐकून परत यायचे नाही. 'नाही' असेल तर कागदावर द्या म्हणायचे. माझी चार वर्षे त्या तोंडी 'नाही'मध्ये गेली. तुमची जाऊ नयेत.