बर्फ गेल्याची बातमी

शिमल्याला बर्फ पडायला लागला की टीव्ही वाहिन्यांच्या गाड्या रिजवर हजर होतात. लाल टोप्या घातलेली जोडपी एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकतात, वार्ताहर गुडघाभर बर्फात उभा राहून ओरडून बोलतो, आणि दिवसभर तीच चार दृश्यं फिरत राहतात. बर्फ थांबला की दुसऱ्या दिवशी गाड्या खाली उतरतात. पुढे त्या बर्फाचं काय झालं, तो किती दिवस टिकला, कुठे आधी वितळला, किती पाणी देऊन गेला, हे कुणी सांगत नाही. २०२४च्या हिवाळ्यातली बर्फाची झड संपली त्या आठवड्यात मला त्याचा फार राग आला. त्या वर्षी बर्फ येण्यापेक्षा तो कसा गेला हे कळणं जास्त महत्त्वाचं होतं.

हकीकत थोडक्यात सांगते. २०२३चा डिसेंबर आणि २०२४चा जानेवारी हिमाचल-काश्मीरला जवळजवळ कोरडा गेला. गुलमर्गच्या ज्या उतारांवर स्कीइंग चालतं, तिथे भर जानेवारीत वाळकं गवत दिसत होतं. एल निनोचं वर्ष. इकडे खाली चंदीगडला, मी राहते तिथे, मात्र धुक्यानं ऊन अडवून धरलेलं, दुपारचं तापमान शिमल्याहून कमी. वरच्यांना ऊन आणि आम्हाला काकडा, असा उलटा हिवाळा. मग जानेवारी संपता संपता पश्चिमी झंझावात एकामागून एक आले, शिमला-मनाली पांढरं झालं, हिमाचलात शेकडो रस्ते बंद पडले. काही दिवसांनी ती झड संपली. समोरचे निवृत्त बँक अधिकारी फाटकातूनच म्हणाले, "भैणजी, मौसम खुल गया."

माझ्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे, त्यामुळे माझी संगत हवामान मोजणाऱ्या लोकांशी. चंदीगड, पंचकुला, मोहाली, वर सोलन, कसौली, शिमला असे आम्ही काही हवामानवेडे रोज एकमेकांना आकडे कळवतो. झड चालू असताना सगळेच बोलतात. पण ही मंडळी माझ्या लेखी मोठी ठरतात ती झड संपल्यावर. शिमल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी अंगणात पांढरा रंग दिलेली एक फळी ठेवली आहे, तिच्यावर उभी पट्टी. बर्फ पडत असताना ते ठरल्या वेळी उंची मोजतात, फळी झाडून स्वच्छ करतात आणि पुन्हा ठेवतात. झाडलेला बर्फ टाकून देत नाहीत. नळकांड्यात भरून घरात आणतात, वितळू देतात आणि त्याचं पाणी मोजतात. ढोबळ हिशेब दहा सेंटिमीटर ताज्या बर्फाला एक सेंटिमीटर पाणी असा. पण भुसभुशीत बर्फ त्याहून कमी देतो, ओला जास्त. म्हणून नुसती उंची सांगणाऱ्या बातमीचा उपयोग अर्धाच. झड संपल्यावर ते फळीला हात लावत नाहीत. बाजूच्या न झाडलेल्या जागेत दुसरी पट्टी रोवलेली असते, तिच्यावरची उतरती रेघ रोज सकाळी कळवत राहतात. झड संपली त्या आठवड्यात त्यांचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. पट्टीच्या दक्षिणेला बर्फ खचून तिथे खळगा झालेला, उत्तरेला कडा अजून तशीच, आणि वरच्या थरावर रात्री गोठून आलेली काचेसारखी साय.

बर्फ पडत असताना थंडी वाजते त्याहून जास्त बर्फ थांबल्यावर वाजते, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. ढग असतात तोवर जमिनीवर गोधडी असते. ती निघाली की रात्री सगळी ऊब आकाशात निघून जाते, वारा उत्तरेचा होतो आणि पारा घसरतो. शिमल्यात लक्कड बाजाराजवळ १९२० पासूनचं स्केटिंग रिंक आहे, तिथला बर्फ यंत्राशिवाय, नुसत्या थंडीनं गोठवतात. त्या लोकांना बर्फवृष्टी नकोच असते, त्यांना निरभ्र रात्र हवी असते. हीच थंडी पुढे राजस्थान-गुजरातवरून खाली उतरते. मग कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला निफाडच्या किमान तापमानाचा आकडा आपल्या मराठी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याचे फोटो छापून येतात. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. निफाडच्या शेतकऱ्याला शिमल्यात बर्फ सुरू झाल्याची बातमी काय कामाची? त्याला आकाश कधी उघडलं ते कळायला हवं. झड संपली म्हणजे आपली पाळी आली, हे त्याला दोन-तीन दिवस आधी समजलं तर शेकोटीची तयारी तरी होते.

आणि आमचं इथलं पाणी. चंदीगडच्या नळाला येणारं बरंच पाणी कजौलीच्या केंद्रातून भाक्रा कालव्यातून उचललेलं असतं. भाक्राला येणाऱ्या सतलजच्या वर्षभराच्या पाण्यात निम्म्याहून जास्त वाटा बर्फाचा आणि हिमनद्यांचा. कोरड्या जानेवारीनं इथल्या जाणत्या लोकांच्या पोटात गोळा आला होता तो पर्यटन बुडालं म्हणून नव्हे. वरच्या सफरचंदवाल्यांना झाडांसाठी सात अंशांखालचे हजारभर तास हवे असतात, खालच्या गहूवाल्यांना हलका पाऊस. आपल्याकडे मावठं म्हटलं की कांदा-द्राक्षवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं. इथे पंजाबात तोच पाऊस वेळेवर आला तर गव्हाच्या शेताच्या बांधावर लोक हसत उभे असतात. म्हणून म्हणते, हा बर्फ घाईनं वितळून ओढ्याला गेला की मार्च-एप्रिलपर्यंत डोंगरावर राहिला, हे कुणीतरी रोज लिहून ठेवलंच पाहिजे. आणि जे लिहून ठेवतात त्यांना "रिकामटेकडे" म्हणणं बंद झालं पाहिजे. हा शब्द मी स्वतः ऐकला आहे, त्या शिक्षकांच्याच घरी, त्यांच्याच पाहुण्यांकडून, आणि तेव्हा मला गप्प बसवलं नाही.

गुरुवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, पुढच्या आठवड्यात येतोय आम्ही. बर्फ आहे ना अजून?" मी म्हटलं, रस्त्यावरचा गेला, जाखू टेकडीच्या सावलीतला आहे, कुफ्रीला मिळेल. त्याचा आवाज पडला. "म्हणजे संपलंच की!" मी त्याला म्हटलं, तू रोज ज्या सिमला ऑफिसवरून जातोस, तिथे कधी आत डोकावला आहेस का? त्याला वाटलं, मी विषय बदलते आहे.

विषय तोच होता. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीसमोरून अर्धं पुणं रोज जातं, बसचा थांबाही त्याच नावाचा आहे, आणि पुण्यात सिमला कुठून आलं असं फारसं कुणी विचारत नाही. भारतीय हवामान खातं १८७५ साली कलकत्त्यात सुरू झालं. १९०५ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याला गेलं, १९२८ मध्ये तिथून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. दिल्लीला गेल्यावरही पुण्यातलं काम थांबलं नाही. देशभरातल्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय भांडार आजही पुण्यातच आहे आणि मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाची आकडेमोड पुण्यातच होते. शिमल्यात कुणा निरीक्षकानं गारठलेल्या बोटांनी लिहिलेला आकडा शेवटी शिवाजीनगरला पोचतो. पुणेकरांना याचा अभिमान वाटायला हवा आणि तो वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या खात्याच्या पायाशीच बर्फाचा प्रश्न होता. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर किती भयानक गेला ते सोलापूर-नगरच्या जुन्या घरांना सांगायला नको. पाऊस आधी सांगता येईल का, असं सरकारनं खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारलं. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाकडे पाहिलं. वर बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला तर खाली मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ देतो, असं त्यांनी १८८४ मध्ये मांडलं, आणि १८८६ च्या जूनमध्ये त्या आधारावर पावसाचा पहिला रीतसर अंदाज निघाला. बर्फ उन्हाला परत फेकतो आणि जी उष्णता जमीन तापवण्यात जायची ती बर्फ वितळवण्यात जाते. जमीन तापायला उशीर झाला तर समुद्रावरून वारं ओढून घेणारा जोर कमी पडतो. पुढच्या काळात हे नातं ब्लॅनफर्ड यांना वाटलं तितकं सरळ निघालं नाही. पण विचार मेला नाही. १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ला यांनी उपग्रहांच्या नोंदी घेऊन युरोप-आशियावरच्या बर्फाशी मोसमी पावसाचं उलटं नातं पुन्हा दाखवलं. यात ब्लॅनफर्ड यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की त्यांनी बर्फ किती काळ राहिला हेही विचारलं. १८८४ मध्ये! आणि आज आपल्याकडे चोवीस तासांच्या वाहिन्या आहेत.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर काही वर्षांनी गिल्बर्ट वॉकर आले. १८९९ च्या दुष्काळानं सरकारची झोप उडाली होती आणि १९०४ मध्ये केंब्रिजच्या या गणितज्ञाच्या हाती खातं आलं. त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. त्यांनी जगभरातले हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे, अगदी नाईलच्या पुराचेसुद्धा आकडे मागवले आणि खात्यातल्या भारतीय कर्मचाऱ्यांनी हातानं त्यांची आकडेमोड केली. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरावरच्या दाबाची ती सी-सॉ सापडली, जिला वॉकर यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं. २०२४च्या कोरड्या जानेवारीच्या संदर्भात जो एल निनो आपण रोज ऐकत होतो, त्याचा दुसरा अर्धा भाग तो हाच. त्या कर्मचाऱ्यांची नावं आपल्या शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. वॉकर यांचं नाव असायला माझी हरकत नाही, पण बेरजा-गुणाकार ज्यांनी केले त्यांचं ऋण कुणीतरी मानायला हवं.

आणि याच खात्यातले, पुण्यातले एल. ए. रामदास. १९३२ साली पुण्यात शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला लागून असते असं सगळे धरून चालले होते. रामदास आणि आत्मनाथन यांनी तापमापक थोड्या थोड्या उंचीवर लावून पाहिलं आणि सर्वांत गार थर जमिनीच्या वीत-दोन वीत वर निघाला. जगानं विश्वास ठेवायला वेळ लावला. आता त्याला रामदास थर म्हणतात. कोवळ्या पिकाचा शेंडा नेमका त्या उंचीला असतो. निफाडच्या शेतकऱ्याला हे सांगायला हवं.

रामदासांचा हा किस्सा मी आमच्या समोरच्या बँकवाल्यांना ऐकवला, कारण त्यांचा तापमापक स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला टांगलेला आहे. आत गॅस पेटला की बाहेर आकडा चढतो. यात त्यांचा दोष नाही, सगळं शहर असंच मोजतं. कुणी गाडीच्या काचेतला आकडा सांगतं, कुणी मोबाइलमधला. मोबाइलमधला आकडा तर पुष्कळदा तुमच्या गल्लीत कुणी मोजलेलाच नसतो, तो गणितानं काढलेला असतो. त्यावर "आमच्याकडे दोन डिग्री" अशा पैजा लागतात. मापक सावलीत हवा, भिंतीपासून सुटा, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, पेटीचं दार उत्तरेला. ही पेटी बांधली ती थॉमस स्टीव्हन्सन यांनी, दीपगृहांच्या अभियंत्यानं, ज्यांचा मुलगा रॉबर्ट लुई पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहून गाजला. जुन्या खिडकीच्या झडपा आणि पांढरा रंग असला की सेक्टर बावीसच्या कुठल्याही सुताराकडून ती करून घेता येते. आणि वेळ एकच ठेवायची, सकाळी साडेआठ. कुलाब्याला, निफाडला, शिमल्याला, सगळीकडे त्याच वेळी वाचन होतं, तेव्हाच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

बँकवाले म्हणाले, साडेआठला ते सुखना तलावाच्या काठावर फिरत असतात. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, मी घेईन, मला फक्त दाखवा. शनिवारी मी त्यांना किमान तापमापक दाखवला. आधी वाचायचं, लिहायचं, आणि मगच नळीतला दर्शक परत जागेवर आणायचा. हात आधी दर्शकाला लागला तर रात्रीचा आकडा गेला. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि वहीत तारखेपुढे एक रकाना जास्तीचा आखला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाल्या, कसौलीच्या धारेवर बर्फ दिसतो की नाही, ते गच्चीवरून रोज पाहून लिहीन.