गाणं पुसण्याआधी वाचा तरी

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या प्रार्थना सभेत आई-बापांना ताकीद मिळाली : मुलांच्या मोबाईलमधली ‘मेटल’ गाणी पुसून टाका, ती सैतानी आहेत. नमुना म्हणून मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या ‘द गॉड दॅट फेल्ड’चं नाव घेतलं गेलं. म्हणजे अपयशी ठरलेला देव. आमचा थोरला हेच ऐकतो. घरी जाऊन मी मोबाईल मागितला, तर म्हणाला, “पप्पा, आधी शब्द वाचा, मग पुसा.”

वाचले. (आवाजाबद्दल बोलत नाही, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.) त्यात खिळा येतो, तो वधस्तंभाचाच. बरं करणारा हात वेळेला पुढे आलाच नाही, असा त्या गाण्याचा आरोप. मला खटकलं. पण ही टिंगल नव्हे, राग आहे, आणि राग कुणाचा ते मुलाने सांगितलं.

गीत लिहिणारा जेम्स हेटफिल्ड ‘ख्रिश्चन सायन्स’ पंथाच्या घरात वाढला. त्या पंथात आजारपणात डॉक्टरऐवजी प्रार्थनेवर भिस्त ठेवतात. आईला कर्करोग झाला, तिने औषधोपचार घेतले नाहीत. १९८० साली ती गेली, तेव्हा पोरगा १६ वर्षांचा. वडील आधीच घर सोडून गेलेले. ११ वर्षांनी, १९९१च्या काळ्या वेष्टनाच्या अल्बममध्ये हे गाणं आलं.

आता सांगा, यात सैतान कुठे आहे? आई गमावलेला एक मुलगा आहे. त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. पण ८८वं स्तोत्र उघडून बघा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच थांबतं. ते काही आपण पवित्र शास्त्रातून पुसलेलं नाही.

माझी काळजी निराळीच आहे. ओळखीतल्या एका बहिणीने ‘विश्वासाने बरी झाले’ म्हणून डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्या. सभेत साक्ष दिली, टाळ्याही पडल्या. पुढे पाय कापावा लागला. त्यांचा मुलगा आता चर्चला येत नाही. ‘जगात गेला’ म्हणून आम्ही मोकळे झालो; का गेला, हे कुणी जाऊन विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

लूक वैद्य होता. इथून जवळच मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिशनचं इस्पितळ उभारलं; आपल्यातली कितीतरी घरं त्या इस्पितळाच्या नर्सिंगवर, कंपाउंडरकीवर उभी राहिली. आणि आज आपल्याच सभेत गोळ्या बंद केल्याची साक्ष चालते, गाणं चालत नाही!

पाळकसाहेबांना विनंती, पुढच्या तरुण संघात हे शब्द वाचायला ठेवा. मंडळीतल्या एखाद्या डॉक्टरलाही बोलवा. त्या मुलाच्या घरी निरोप घेऊन मी जातो.

आपला,
एक वाचक, बेळगाव